रस्त्याला आत्याचं नाव

॥ श्री ॥

कर्जत,
७ जानेवारी २०२५

चि. किशोर यास,
ललिताताईचे अनेक आशीर्वाद.

माझ्या डाव्या कानाने केव्हाच राम म्हटला होता, आता उजवाही त्याच्या वाटेला लागलाय. फोनवर तू काय बोलतोस ते सूनबाई ऐकते आणि त्यातलं तिला पटेल तेवढं माझ्या कानाशी ओरडते. हर्षला गुणाची पोर आहे, पण आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. घरातली गोष्ट मला कळायच्या आधी समोरच्या वाण्याला कळते. तेव्हा आपली पत्रंच बरी.

बातमी अशी की आपल्या बांधाच्या रस्त्याचं काँक्रीट पुरं झालं. मधोमध दुभाजक, त्यात कसलीशी झुडपं, दोन्ही अंगांना दिव्यांचे खांब. बाजारापासून स्टेशनापर्यंत गाड्या अशा सुटतात की पलीकडून कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मी हर्षलाला पाठवते. आता या रस्त्याला रीतसर नाव हवं, म्हणून पेठेतल्या मंडळींनी नामकरण समिती केली आहे. आपल्या शेजारचा रूपेश तिचा चिटणीस. माझ्या वर्गात पाढे चुकायचा तोच. जुनी शिक्षिका म्हणून मलाही घेतलंय.

मी अर्थातच सोनुआत्याचं नाव सुचवलं. रिक्षावाले अजूनही बांधावर सोडू का, असंच विचारतात, पण नव्या बिल्डिंगींतल्या लोकांना वाटतं इथे धरणबिरण होतं. म्हणून उभं राहून सगळं सांगितलं. भाताची आवणी लागली की शेतकरी आपापल्या बांधावर काट्या टाकून वाट बंद करायचे, कारण माणसांच्या पायांनी बांध फुटतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. मग स्टेशनाला जाणाऱ्यांना नदीकडून लांबचा फेरा, त्यात त्यांची गाडी चुकायची. आत्या तेव्हा नुकती विधवा झालेली, मूलबाळ नाही, सासरच्यांनी हे एक शेत तोडून दिलेलं. तिने एकटीने आपल्या काट्या उचलल्या. लोक चालले, बांध फुटला, तिने चिखल थापून पुन्हा घातला, आणि दरवर्षी थोडा जास्त रुंद घातला. आपले बाबा तिला म्हणायचे की सोनू, तू भात पिकवतेस का वाट? आधी मोळ्या घेतलेल्या ठाकरणी चालल्या, मग बैलगाड्या, मग खडी पडली, डांबर पडलं. शेताच्या दोन पट्ट्या उरल्या, त्या दिरांनी विकल्या, आणि आत्या माहेरी आली ती आपल्या पोशीरच्या ओसरीवर.

टाळ्या पडल्या, तेवढ्या मला दिसल्या. आणि मग नियम निघाला. जिवंत माणसाचं नाव रस्त्याला द्यायचं नाही, असं समितीने पहिल्याच दिवशी ठरवलंय. ठरवलं ते बरोबरच, नाहीतर प्रत्येक दुकानदाराने आपलंच नाव लावलं असतं. दुसरं नाव आलंय ते प्लॉटवाल्या गजाशेठच्या वडिलांचं, कै. हिराजीशेठ. ते गेले म्हणून चालतात आणि आपली आत्या आहे म्हणून चालत नाही. महिनाअखेरच्या सभेत निकाल.

तेव्हापासून पेठेत जो भेटतो तो आत्याची तब्येत विचारतो. बरी आहे म्हटलं की त्याचं तोंड जरासं पडतं. काल माझ्याच मनात भलतं आलं, तेव्हा देवापुढे जाऊन कान धरले. आता मीही विचारते, पण भाचीच्या काळजीने विचारते असं समज. आत्या कशी आहे?

सुनिताला आशीर्वाद. लोभ आहेच, त्याला दोन ओळींचं पाणी घालत जा.

तुझी,
ललिताताई

*

पोशीर,
१४ जानेवारी २०२५

ती. ललिताताईस,
किशोरचा शि. सा. न. वि. वि.

तीळगूळ धाडतोय. गोड बोल म्हणायची सोय नाही, निदान गोड लिही.

आत्या दिवाळीपासून खाटेवर आहे ती आहेच. पेजेचे दोन घोट जातात. नेरळचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वयाला औषध नसतं. कधी मला बाबा समजून कोंडाजी अशी हाक मारते, कधी नीट ओळखते. ध्यास एकच, मला बांधावर ने. तिथे आता काय आहे असं विचारलं तर म्हणते, विहिरीपाशी ने. तिच्या शेतातल्या त्या विहिरीवर आता दुकानांची इमारत उभी आहे, हे मी तिला सांगत नाही.

तुझा रूपेश आणि आणखी एकजण संत्री घेऊन आले होते. खाटेशी बसले. आपण झाडावरच्या फणसाला टिचकी मारून बघतो ना, तशी नजर. निघताना रूपेशने मला बाजूला घेऊन विचारलं की डॉक्टर नक्की काय म्हणाले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण ताई, महिनाअखेर किती लांब आहे याचा विचार मीही करून बसलो होतो.

रासायनिक कारखान्यात एवढी वर्षं काढली, मोहोपाड्याच्या वसाहतीत दोनदा वायुगळतीचा भोंगा ऐकला, तेव्हासुद्धा काय करायचं ते ठाऊक होतं. वाऱ्याच्या उलट्या दिशेला पळायचं. इथे कुठे पळावं ते कळत नाही. देवापुढे दिवा लावतो आणि काय मागावं सुचत नाही. ती जगावी म्हटलं तर नाव जातं. दुसरं तर मागवत नाही. म्हणून नुसते हात जोडतो आणि उठतो.

सुनिता म्हणते, पाटीची एवढी हौस असंल तर आपल्या गोठ्याला द्या की आत्यांचं नाव. तिला पाटीचं कौतुक नाही. आत्याला अंघोळ घालणं, वेणी घालणं, घास भरवणं सगळं तीच करते, त्यामुळे मी तिच्यापुढे बोलत नाही.

आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
किशोर

*

कर्जत,
२७ जानेवारी २०२५

चि. किशोर यास,
अनेक आशीर्वाद. सुनितासाठी आज आशीर्वाद नाहीत, तिला ओरडा आहे.

तू शनिवारी औषधं आणायला नेरळला गेला होतास म्हणे, म्हणून मुळापासून सांगते. सभेत गजाशेठ वडिलांविषयी बोलत होता. हिराजीशेठनी पेठेत भाताची पहिली गिरणी आणली, ते खरंच आहे. माना डोलत होत्या आणि आपण हरलो हे मला दिसत होतं. तेवढ्यात हर्षला अनवाणी धावत आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली की सुनितामामींचा फोन आलाय, आत्या गेली. तिचा आवाज तुला माहीत आहे. माझ्याबरोबर अख्ख्या सभेला कळलं.

मी रडले रे. सगळ्यांसमोर, शाळकरी पोरीसारखी हुंदके देऊन. शाळेसाठी मी आत्याकडे राहायचे, तेव्हा चिखलाच्या दिवसांत ती खाचरातून ओरडून सांगायची की चपला हातात घे गं. एवढंच एक आठवत होतं आणि थांबता येत नव्हतं. सभा उठून उभी राहिली. गजाशेठने डोळे पुसले आणि म्हणाला, माझे वडील त्याच बांधावरून गिरणीवर यायचे, सोनुबाईंच्या आधी त्यांचं नाव नको. त्याने स्वतःहून वडिलांचं नाव मागे घेतलं. ठराव एकमताने झाला. कै. सोनुबाई मार्ग.

घरी येऊन पोशीरला निघायला पिशवी भरत होते तर पुन्हा फोन. हर्षला ओरडली, आत्याबाई बऱ्या आहेत, डोक्यावर कावळा बसला होता म्हणून मामींनी खोटं कळवलं, आता रडू नका, चहा घ्या. मी त्या पिशवीवरच बसले. आधी हसले, मग पुन्हा रडायला आलं.

संध्याकाळी रूपेशला बोलावून खरं सांगितलं. त्याने डोकं धरलं. म्हणाला, बाई, गजाशेठला मी कुठल्या तोंडाने सांगू? मग जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला. मी पुन्हा बोल म्हटलं, तेव्हा तोंड वर करून म्हणाला की तसंही आत्याबाईंचं आता किती उरलंय, तोवर गप्प राहा. त्याला मी वर्गात कोपऱ्यात उभं करायचे, परवा मात्र मीच त्याचं ऐकलं. लोक येऊन पाठीवर हात ठेवतात आणि मी मान खाली घालते. त्यांना वाटतं दुःख आहे.

सुनिताला विचार, खोटी बातमी द्यायला तिला जगात दुसरं कोणी मिळालं नाही?

राग असला तरी लोभही आहे, दोन्ही वाटून घ्या.

तुझी,
ललिताताई

*

पोशीर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. ललिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा ओरडा सुनिताला वाचून दाखवला. तिचं म्हणणं असं. आत्याला ऊन मिळावं म्हणून अंगणात खाट टाकली होती. कावळा उतरला तो थेट तिच्या डोक्यावर, चोच मारून उडाला. सुनिताच्या माहेरी असं झालं की लगेच जवळच्या माणसाला मरणाची खोटी बातमी धाडतात. ते माणूस रडलं की मरण टळतं, मग खरं सांगायचं. पण रडणं खरं लागतं, नाटकी चालत नाही. ती मला म्हणाली, आत्यांसाठी ताईंसारखं खरं रडणारं दुसरं कोण हाय? सभेचं तर तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता पुढचं वाच आणि बसून वाच. आत्या उठली. दुसऱ्या दिवशी भाकरी मागितली, नंतर वालाचं बिरडं खाल्लं, आज काठी टेकत गोठ्यापर्यंत गेली आणि केर राहिला म्हणून सुनिताला बोलली. डॉक्टरांना नवल वाटलं. सुनिताला नाही, ती माझ्याकडे बघून नुसती हसते. मी आनंदाने रडलो आणि रडता रडता मला तुझा ठराव आठवला.

कर्जतहून दोघे सांत्वनाला आले. आत्या अंगणातच होती. कुणाकडं आलाव, बसा, च्या घ्या, असं तिनेच त्यांना म्हटलं. त्यांनी तिला ओळखलं नाही म्हणून निभावलं. एकजण तर मला म्हणाला की या सोनुबाईंच्या धाकट्या बहीण का, चेहरा अगदी तोच. तेव्हापासून मी अंगणाचं फाटक लावून ठेवतो. आत्या विचारते, फाटक कशाला लावतोस रं, मी काय चोरी केली हाय? ताई, जितं माणूस घरात लपवायचं हे मला जमत नाही.

आणि रोज एकच धोशा, बांधावर ने. इतके दिवस आजाराचं कारण होतं. आता कोणतं सांगू? रविवारी रिक्षा सांगून ठेवलीय. हर्षलाला फोन करत नाही, कारण तुला आणि पेठेला एकदमच कळेल. हे पत्र वेळेत पोचेल असं धरतो. तुझं काही म्हणणं असेल तर लगेच लिही.

आहोत तसे गोड मानून घे.

तुझा,
किशोर

*

कर्जत,
७ फेब्रुवारी २०२५

चि. किशोर यास आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. आणू नकोस.

बाजाराच्या टोकाला भला मोठा फलक लागलाय. माझ्या लग्नातल्या फोटोतून आत्याला वेगळी काढून मोठी केलीय, वर कै., खाली नाव, फोटोला हार. पहिला हार गजाशेठने घातला. भाजीवाल्या बाया येताजाता हात जोडतात. दगडाची पक्की पाटी घडवायला दिलीय, ती बसली की मग कोणी काढणार नाही.

ती उठली याचा आनंद मला तुझ्याहून कमी नाही. पण तिच्यामागे मूल नाही, शेत नाही, ती विहीरही नाही. हे एवढं एक राहील, किशोर. वर्षभर थांब, लोक विसरतील, मग आण, असं लिहिणार होते. पण तिच्याकडे वर्ष कुठून आणायचं? मला कळत नाही. तरी आत्ता आणू नकोस.

हर्षलाला फोन करायला सांगणार होते, पण खिडकीखाली भाजी निवडत चौघीजणी बसल्यात. पत्र आजच्या टपालाने जातंय. देवाने ते धावत न्यावं.

माया आहे म्हणूनच अडवते आहे, रागावू नकोस.

तुझी,
ललिताताई

*

कर्जत,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. किशोर यास,
अनेक आशीर्वाद. सुनितालाही, आणि यावेळी मनापासून.

माझं पत्र तुला आत्याला फिरवून आणल्यावर मिळालं असणार. त्या रविवारी तू दारात रिक्षा थांबवलीस तेव्हा मला ओरडायचं होतं. पण आतून आत्याने हात काढून माझा गाल धरला, तेव्हा मी मुकाट्याने चपला घालून तुमच्याबरोबर निघाले, हर्षलाही मागोमाग आली.

पुढचं सांगते. फलकासमोर कोणीतरी मोबाइल धरला होता. फोटोतली आत्या आणि फोटोखाली उभी आत्या. दिवस मावळायच्या आत ते घरोघरी पोचलं. दुसऱ्या दिवशी गजाशेठ आला. भांडला नाही, भांडला असता तर बरं झालं असतं. खुर्चीत बसून एवढंच म्हणाला की बाई, माझ्या बापाचं नाव मी तुमच्याबरोबर रडून मागे घेतलं होतं. हे सांगताना हर्षला आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली, मला दोनदा विचारावं लागलं.

परवा सभा झाली. ठराव रद्द, तोही एकमताने. रूपेशचा हात सगळ्यांत आधी वर. माझा हात वर गेला नाही आणि खालीही ठेवता येईना, पदराशी चाळा करत बसले. नाव कै. हिराजीशेठ मार्ग. फलक काल उतरवला. मला समितीतून जा असं कोणी म्हटलं नाही, पण पुढच्या सभेचा निरोप मला नाही.

बोल तरी कोणाला लावू? गजाशेठ खोटं बोलला नाही, मी बोलले. सुनिताने वाईट चिंतलं नाही. तू तिला तिच्या बांधावर आणलंस, एवढंच केलंस. नियमही चांगला आहे. सगळं नीट आहे आणि आत्याचं नाव नाही.

एक मात्र मला लिहून कळव. फोटोकडे बोट दाखवून तिने काहीतरी म्हटलं आणि हात जोडले. मग रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तू हात वर करत होतास, गाड्या थांबत नव्हत्या. एकदम तिचे ओठ हलले आणि तू तोंड फिरवलंस. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते आणि मला काही ऐकू आलं नाही. हर्षला तेव्हा त्या मोबाइलवाल्याशी भांडत होती. काय म्हणाली ती? आपल्यावर रागावली असली तरी लिही.

उरलंसुरलं प्रेम आहे ते तुम्हां तिघांचं.

तुझी,
ललिताताई

*

पोशीर,
१ मार्च २०२५

ती. ललिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या बरी आहे. सकाळी अंगणात वाल सोलत बसते. अंगणाचं फाटक आता उघडंच असतं. आत्याला आणू नकोस असं तुझं पत्र मला त्या रविवारनंतर सोमवारी मिळालं. शनिवारी मिळालं असतं तरी मी तिला थांबवलं असतं का, ते मला ठरवता येत नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

तिने फोटोकडे बघून म्हटलं, ही माझी आय हाय. हिचा फोटू यांना कुठं गावला? हार घातलाय, चांगली माणसं हायेत. आणि आईला करावा तसा नमस्कार केला. तिला वाचता येत नाही हे आपण दोघं विसरलोच होतो, ताई. आपल्या नावाची पाटी लागली हे तिला माहीत नाही, निघाली हेही माहीत नाही. घरी येऊन सुनिताला तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं की कर्जतला माझ्या आयला हार घातलाय.

मग तिने पलीकडे बोट केलं. म्हणाली, विहीर तिकडं होती, मला तिकडं ने. मी तिचा हात धरून कडेला उभा राहिलो. तू पाहिलंसच. हात वर केला, एकाने गाडी जरा हळू केली, तर मागच्याने हॉर्न दिला आणि तोही सुटला. फार्महाऊसवाल्यांच्या मोटारी, टेंपो, रिक्षा. दोनदा पाऊल टाकलं, दोनदा मागे घेतलं. मला असा संताप आला की मधोमध जाऊन उभं राहावं आणि ओरडावं, अरे, ज्या बाईने ही वाट घातली ती इथे उभी आहे, तिला जाऊ द्या. मी खरंच पुढे झालो होतो.

तेवढ्यात तिने माझी बाही ओढली. रागावली नव्हती ताई, मलाच समजावत होती. म्हणाली, जाऊ दे रं त्यांना. गाडी चुकंल त्यांची.

आणि तिनेच मला हाताला धरून मागे आणलं.

तुझा,
किशोर